अ आणि ई

लॅमिंग्टन रोड, दुसरा मजला.
तळपदेकाका कानाचा आलेख उलगडतात:
हजार हर्ट्झपर्यंत सपाट माळ,
पुढे सरळ कडा.

लो-पास, मी म्हणतो. जाड तेवढंच आत.
माझगाव गोदीचा भोंगा येतो, पंख्याची घरघर येते;
किटलीची शीळ, स, श, फ
उंबऱ्याबाहेरच.

"हिचं नाव शशी," ते हसतात,
"कुणी हाक मारली की नुसतं अ... ई.
वाटायचं, आमच्या आईलाच बोलावतायत.
वीस वर्षं झाली तिला जाऊन."

मी कपॅसिटर बदलतो, खालचं दाबतो,
वरच्याला वाट देतो. पेच अर्धा फेरा.

कोपऱ्यात शशीकाकू दाण्यांची पुडी सोडतात.
काका दचकून वळतात:
"काय फाटलं?"

"कागद," त्या ओरडतात, सवयीने.
मग पुन्हा, हळू.