खूणगाठ

मांजरीहून नसीमा तांबोळी आल्या स्कूटरवर,
पायांशी खताच्या पिशवीत उपटलेली टोमॅटोची रोपं.
मुळं अशी, की बाजारात आलं म्हणून खपावीत.
"गाठी तर आंधळ्यालाही दिसतील," म्हणाल्या,
"तुम्ही भिंगातून आणखी काय बघणार?"

मी म्हटलं, थुंकी.

हसल्या. पुण्यात थुंकीला काय तोटा.

पण ही वेगळी.
अर्ध्या मिलिमीटरचा सूत्रकृमी, डोळे नाहीत, हाडं नाहीत,
तोंडात मात्र एक सुई.
मुळाच्या वासावर येतो, पेशीत सुई टोचतो
आणि थेंबाचा हजारावा भाग आत सोडतो
(त्याहून कमीच; मोजायला आमच्याकडे काही नाही).
पेशी खुळावते. फुगते,
मधल्या भिंती न घालता घर वाढवत नेते,
होतं नव्हतं ते पाहुण्याच्या पानात वाढते.
मग मादी जागची हलत नाही. नासपतीसारखी होऊन बसते.
काय सांगितलं तिने त्या पेशीला?
गाठीच्या आधी जे बोलणं झालं, ते हवंय मला.

त्यासाठी उंदीर लागला. चौदा नंबर.
प्राणीघराच्या निवृत्ती खैरेंनीच
कानाला खाच पाडून दिला होता तो नंबर.
कृमीच्या ग्रंथींचा अर्क तीनदा टोचला त्याला,
टोमॅटो कधी न चाखलेल्या जिवाला.
रक्ताने ओळख धरली.
मग पानथरी काढली.
निवृत्ती त्या सकाळी चहाला आले नाहीत.

पानथरीच्या पेशी आठवड्यात मरतात, ओळखीसकट.
म्हणून त्यांची सोयरीक लावतात
मरायचं विसरलेल्या, एका जुन्या गाठीतल्या पेशींशी.
शहाण्णव खड्ड्यांची प्लेट, खड्ड्यात एकेक बिऱ्हाड.
"शहाण्णव कुळी," मी म्हटलं होतं. कुणी हसलं नाही.
नव्वद जणी गप्पच राहिल्या.
चौघी सगळ्यांनाच ओळखायच्या, म्हणजे कुणालाच नाही.
एक बुरशीने नेली.
उरली तिला तो एकच रेणू कळायचा.
तिचं नाव ग-सात.

आणि मग पुण्याचा गुरुवार. लाईट दुरुस्तीला गेलेले,
जनरेटरमध्ये डिझेल नाही,
इन्क्युबेटर सदतिसावरून उतरायला लागला,
मी औंध रोडच्या पंपावर कॅन घेऊन रांगेत,
पुढचा माणूस सुट्ट्या पैशांवरून वाद घालतोय, मुद्देसूद.
जगली ग-सात.

चार महिने ती कृमीच्या आतच चमकली.
ग्रंथीत हिरवं, नळीत हिरवं, सुईच्या टोकाशी हिरवं.
मुळाच्या पेशीत काळोख.
पत्र लिहिताना दिसतंय,
पोचल्याची पावती नाही.

काल साडेसात वाजता, सगळे गेल्यावर,
काप क्रमांक दोनशे अकरा:
सुईच्या पुढे, पेशीच्या आत
हिरवा ठिपका.
स्लाईड काढली, पुसली, परत लावली.
शेजारी निरोगी मूळ ठेवून पाहिलं. काळं.
परत पहिलं. होता.
उद्या पुन्हा करावं लागेल, परवाही;
एका ठिपक्यावर कुणी विश्वास ठेवत नाही, मीही नाही.
नसीमाबाईंना काय सांगू? औषध नाहीये हे.
त्यांनी माती उन्हात तापवली, कडेने झेंडू लावला,
ते बरोबरच केलं.

कुलूप लावायला निवृत्ती आले. म्हटलं, बघा.
त्यांनी टोपी मागे सारली, एक डोळा मिटला,
भिंगाला दोन असतात तरी.
"एवढंच?"
एवढंच.
"चौदा नंबरचं का हे?"

हो म्हटलं.
मग बराच वेळ उठले नाहीत ते.
हातातल्या चाव्याही वाजल्या नाहीत.