बारावं नाव

तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात
दुपारी अडीचला गाड्या रिकाम्या होतात
आणि आमची निवड समिती बसते.
अध्यक्ष कुणी नाही. बसायला फाटकी बारदानं,
मध्ये माझा काटा, बंद केलेला.

पुढच्या महिन्यात आशियाई स्पर्धा, मुलींची रग्बी.
शिबिरात चोवीस जणी, विमानात बारा.
दोन वर्षांपूर्वी यातल्या एकालाही
हा खेळ कशाशी खातात ते ठाऊक नव्हतं.
मग रांजण्यांची कल्याणी कोपरखैरण्याच्या मैदानावरून
नाक फोडून घेऊन आली.
गल्लीनं विचारलं, कुणी मारलं?
ती म्हणाली, कुणी नाही, खेळ आहे.

तेव्हापासून आम्ही सगळे तज्ज्ञ.
चेंडू पपईएवढा, पपईसारखाच.
तो पुढं फेकायचा नाही, मागच्याला द्यायचा,
आणि तरी पुढंच जायचं.
"म्हंजी हमालीच की," धनावडे म्हणाला होता,
"पाठीवर पोतं येतं तवा वळून कोण बघतंय?"

आज पार्टेनं एक कोरं बारदान पसरलं,
मार्क टाकायच्या निळ्या शाईत काडी बुडवली.
ओडिशाच्या तिघी पहिल्या झटक्यात.
केरळची उंच पोरगी? पकडीत कच्ची.
"उंची काय चाटायचीय? पोतं कमरंवर उचालत्यात."
बिहारच्या बुटकीवरून तर
उतेकर आणि धनावडे उभेच राहिले.
चहावाला नौशाद, त्यालाही मत आहे:
तिला कापली तर उद्यापासून चहा बिनसाखरेचा.
ती राहिली.

अकरा झाली.
बारावं नाव सगळ्यांच्या तोंडून एकदमच आलं.
पार्टेनं 'क' काढलाही.

"थांब," आनंदा रांजणे म्हणाला.
इतका वेळ तो तंबाखूच मळत होता.
"मणिपूरची घे."

"बाप हाईस का वैरी?"

"डावा खांदा उतरतोय तिचा.
रात्री कूस बदलता येत न्हाय.
म्हणली, अण्णा, सरांना सांगू नगा.
न्हाय सांगितलं.
पर हितं काट्याम्होरं बसून
तुमाला खोटं वजन कसं देऊ?"

बावीस वर्षं मी मापाडी आहे.
भिजवलेलं पोतं मला वासावरून कळतं,
काट्यावर हळूच टेकवलेला अंगठाही.
त्या दुपारी कुणाचाच अंगठा टेकलेला नव्हता.

उतेकरानं बंडी खाली ओढून खांदा दाखवला,
गाठ आलेला, एका अंगाला कललेला.
"ह्यो बघ. अठरा वर्सं उतरतोय.
मी काय घरी बसलो?"

"म्हणूनच तर," आनंदा म्हणाला.

मग बराच वेळ
कुणी मणिपूरचं नाव घेतलं नाही, कल्याणीचंही.
नौशाद ग्लास गोळा करून गेला.
काडीवरची शाई वाळली.

खरी यादी गुरुवारी लागणार.
ती लावणारे कोण, कुठं बसतात,
त्यांच्यासमोर काटा असतो का, आम्हाला माहीत नाही.
आमच्या बारदानावर अकरा नावं
आणि एक अर्धवट 'क'.

पाचला लासलगावची गाडी लागली.
बारदान कोरं ते कोरंच, वाया कोण घालवणार?
कांदे भरले, तोंड शिवलं, काट्यावर आलं.
एक्कावन्न किलो दोनशे.
मी वहीत मांडलं.

ते पोतं आनंदानंच घेतलं.
कुठल्या खांद्यावर, ते मी बघितलं नाही.

बघितलं.
पण तो म्हणाला नव्हता का,
सांगू नका.