काडी

तासगावच्या शेडमध्ये आम्ही अकरा बायका,
जाळीवर सरकणारा बेदाणा
अन् बोटं.
हिरवा इकडं, पिवळा तिकडं, काळा खाली क्रेटात.
काडी दिसली की उचलायची.
मशीन सगळ्या काड्या काढत नाही,
म्हणून तर आम्हाला हजेरी.

त्या दिवशी काडी मी टाकली.
जैबून पिंजारीची जागा रिकामी होती,
चहा यायचा होता, गप्प बसवेना.
म्हटलं, परवा रात्री अकराला
जीपमधनं उतरली, नाक्यावर.
बरोबर कोण होतं ते विचारू नका बाई.

कुणी विचारलं नव्हतं.

मी बघितलं ते एवढंच:
हेडलाईटचा उजेड, एक पिशवी, तुटलेली चप्पल.
बाकीचं तोंडानं केलं,
दूध नासतं तसं, कुणी काही न करता.

नागूबाई हसली. हसीना तांबोळीनं पदर तोंडाला लावला.
कालिंदीनं घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं,
नवरा मुकादमाचा चुलतभाऊ.
शनिवारी पगाराच्या पाकिटाबरोबर
जैबूनला निरोप, सोमवारपासनं येऊ नको.
तिनं कारण विचारलं नाही.
नळावर हात धुतले, गंधकाचा वास जाईपर्यंत.
तो जात नसतो.

जुम्मेरातीला मुलाणींच्या माडीवर
मिरजेच्या मदरशात शिकलेली पोरगी येते,
एकोणीस वर्षांची, चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली.
ती सांगत होती,
पाठीमागं बोललेलं खरं असलं तर गीबत,
खोटं असलं तर बोहतान,
अन् गीबत म्हणजे
आपल्याच मेलेल्या भावाचं मांस खाणं.
बायकांनी तोबा तोबा करत गालांना हात लावले.
मीही लावले.

तेवढ्यात मागनं कुणीतरी, हळू आवाजात,
जैबूनचा भाऊ गेला ना मिरजेत, सिव्हिलला,
महिनाभर डायलिसिस,
ही रोज रात्री मिळेल त्या जीपनं परत यायची.

मग दस्तरखान अंथरलं. खिमा होता.
माझ्या ताटलीतला तसाच राहिला.

पोरगीला जिन्यात गाठलं.
तोबा केली तर, विचारलं.
म्हणाली, अल्लाचं देणं अल्ला माफ करेल,
माणसाचं माणसानंच करायचं.
नाही केलं तर हिशेबाच्या दिवशी
तुमचे रोजे, तुमच्या नमाजा उचलून तिच्या पारड्यात.
ते संपले तर तिचे गुन्हे तुमच्या.
चष्मा सारखा करत म्हणाली,
खाला, खरा कंगाल तो.

कवठेमहांकाळला गेले, दोन एसट्या बदलून.
जैबून भावजयीच्या दारात शेळीला पाला घालत होती.
पाणी दिलं. सगळं ऐकून घेतलं.
मग एवढंच विचारलं,
चप्पल तुटलेली दिसली होती तुला?
हो म्हटलं.
मग थांबून विचारायचंस की, कुठनं आलीस.

माफ केलं म्हणाली नाही.
नाही केलं, असंही नाही.

तेव्हापासनं नऊ घरं फिरतेय.
नागूबाईला सांगितलं, खोटं होतं, मी रचलं.
ती म्हणाली, जाऊ दे गं, कोण लक्षात ठेवतंय.
अन् लगेच,
पण जीप तर होती ना?

पहाटे उठते, अजानच्या आधी.
चार रकात जास्तीच्या पढते.
तिच्या नावानं नाही, तसं नसतं,
पण मला ठाऊक आहे कुठं जायच्या त्या.
देणं द्यायला रिकाम्या हातानं
कसं जायचं.

दिवसा जाळीवर बेदाणा सरकतो.
बोटं काडी हुडकतात.
चहाला अजून वेळ आहे.
कालिंदी वाकून म्हणते, काय गं, ऐकलंस का?

मी दाताखाली जीभ धरते.
मऊ लागते,
मांसाची.