शेऱ्याचा रकाना

आधी मी टेबल घेतलं.
कुरेसारेच्या जुन्या बाजारातून, ओकचं, एक पाय आखूड.
त्याखाली घडी घालून कागद सारला.
त्या टेबलापाशी कामी आलेला
तो एकुलता कागद.

पहाटे पाचला उठून पाहिलं.
कॉफी पिऊन पाहिली, सोडून पाहिली.
रोज हजार शब्द, असं कुणीसं सांगितलं होतं;
चौथ्या दिवशी मोजले तर निम्मे ‘आणि’ निघाले.
खिडकीबाहेर समुद्र गोठत आला
तरी माझी पहिली ओळ संपेना.

नोकरी वेधशाळेत, सोर्वेच्या टोकाला.
दर तीन तासांनी कंदील उचलायचा,
झडपांच्या पांढऱ्या पेटीपर्यंत एक्काहत्तर पावलं,
कोरडा पारा, ओला पारा, वारा,
आभाळ किती अष्टमांश झाकलेलं,
आणि नोंदवहीत सगळ्यांत शेवटी
बोटभर रुंदीचा रकाना: शेरा.
माझ्या आधीच्या विर्वेबाईंनी अठ्ठावीस वर्षं
त्यात एकच शब्द लिहिला. निरंक.

मी एका रात्री लिहिलं,
बर्फ ओरडतं, जुना राग आठवावा तसं.

मार्चमध्ये तालिनहून लेपिक आले तपासणीला.
पान न् पान पाहिलं. लाल पेन्सिल काढली.
म्हटलं, गेली नोकरी.
‘ओरडतं’ त्यांनी राहू दिलं.
‘जुना राग’वर रेघ मारली,
म्हणाले, हे तुम्ही ऐकलं नाहीत, हे तुम्हाला सुचलं.
मग काळ्या पावावर धुरी दिलेला मासा ठेवत विचारलं,
कुठल्या दिशेकडून ओरडतं?

मला ठाऊक नव्हतं.

त्या रात्री टोपी काढून उभी राहिले
कान बधिर होईतो.
नैर्ऋत्येकडून.
आधी बारीक, तारेवर चमचा मारल्यासारखं,
नाही, खोडते.
आधी बारीक. मग थेट तळपायांतून.

तेव्हापासून हीच रीत, रीत म्हणायचं तर.
रकाना अरुंद हवा.
बोटं गारठलेली हवीत, म्हणजे
जादा शब्द परवडत नाहीत.
घरी परतल्यावर वहीला हात लावायचा नाही
निदान मोजे वाळेपर्यंत.

गेल्या वर्षी यंत्र बसवलं.
ते स्वतःच मोजतं, स्वतःच कळवतं.
त्याला शेरा नाही.
मी अजून जाते, नऊला, बाराला;
तीनची वेळ चुकते हल्ली, झोप लागते.
दुकानातल्या साध्या वहीत रकाने आखते,
पहिले सगळे रिकामे सोडते,
शेवटच्याला जागा कमी पडावी, एवढ्यासाठीच.
टेबलावर बटाटे ठेवलेत.

काल रात्री बारा. वारा पडलेला.
दीपगृहामागे कोणीतरी खोकलं, कोल्हा असावा.
‘असावा’ खोडलं.
थोड्या वेळानं ‘कोल्हा’ही.
कोणीतरी खोकलं,
एवढं राहू दिलं.