उन्हाळ्यात साठ सेकंद

अल-राईच्या शुक्रवार बाजारात
गुंडाळलेल्या गालिच्यांच्या मागे
दादमुराद नावाचा बलुची म्हातारा बसतो.
त्याच्याकडे बंद पडलेलं सगळं मिळतं :
व्हीसीआर, फॅक्स, दाढीची मशिनं,
आणि माझ्यासाठी, टॉवेलात झाकून, कॅमेरे.

"मेला नाही," प्रत्येकाबद्दल तो हेच म्हणतो,
"उपाशी आहे."
खरंच आहे ते. या जातीचा जीव अंगात नसतो,
फिल्मच्या डबीत असतो,
दहा फोटोंच्या खाली निजलेली चपटी बॅटरी.
डब्या बनायच्या थांबल्या, तशी ही पोरकी झाली.

मी लिफ्ट दुरुस्त करतो.
माझ्या पलंगाखाली असे सतरा उपाशी आहेत,
जिथे बाकीचे लोक वर्षभर
गावी न्यायची बॅग भरत असतात.
एक घडीचा, चामड्याचा,
उघडला की बगळ्यासारखी मान वर करतो.
एकाच्या पाठीवर अरबीत कोरलंय : नूरा.
कोण, ते मी दादमुरादला विचारलं नाही.

उरलीसुरली फिल्म फ्रिजमध्ये,
पारकरच्या सुक्या बोंबलांना खेटून.
"तुझं औषध माझ्या बोंबलांना लागेल," तो म्हणायचा.
"तुझे बोंबील माझ्या आकाशाला लागलेत," मी.
तारीख उलटून आठ वर्षं झालेल्या फिल्मवर
आकाश पिवळं उतरतं.
इथे तोझ उठला की खरं आकाशही पिवळंच,
त्यामुळे चूक कुणाची ते कळत नाही.

जूनमध्ये शाळा सुटल्या, लोक सामान विकू लागले,
तेव्हा दादमुरादने टॉवेल सोडला
आणि आत चार डोळे.
पासपोर्ट फोटोचा. एका खटक्यात चार चेहरे.
हा बॅटरीला विचारत नाही.
फिल्मचं शेपूट हाताने ओढायचं, थांबायचं,
मग कागदावरून कागद सोलायचा,
भाजल्या वांग्याची साल निघते तसा.

पारकरने तो पाहिला
आणि हातातला चहा खाली ठेवला.
अठ्ठ्याऐंशी साली, फहाहीलच्या एका दुकानात
असल्याच चार डोळ्यांनी त्याला पाहिलं होतं.
एक फोटो अकाम्याला, एक बताक्याला, एक कंपनीला.
"आणि चौथा?"
"चौथा दुकानदाराने काउंटरच्या काचेखाली लावला.
हसत होतो ना मी."
मग थोडं थांबून :
"दोन वर्षांनी ते दुकानच राहिलं नाही."

पुढल्या गुरुवारी त्याचं फायनल एक्झिट.
सोलायच्या फिल्मची माझ्याकडे एकच डबी,
डबीत एकच फोटो.
गच्चीवर पाण्याच्या टाकीपुढे त्याला उभा केला,
वर कोट, खाली लुंगी.
"हसू नकोस."
"का? आता कुणाचा फॉर्म भरायचाय?"
खटका.

डबीवर कोष्टक छापलेलं :
पंचवीस अंशांना नव्वद सेकंद, तीस अंशांना साठ.
त्यापुढे कोष्टक नाही.
छापणाऱ्याने कुवेतचा जून पाहिला नसावा.
मी मोजत होतो. ओठ न हलवता तोही मोजत होता,
छत्तीस वर्षांची सवय.
चाळिसाला म्हणाला, "काढ."

तीन आले.
चौथ्या चौकोनापर्यंत औषध पोचलंच नव्हतं,
कडेला वाळून गेलेलं.
तिथे एक तपकिरी डाग आणि त्यात कान.
आलेले तीनही, नीट पाहिलं तर, सारखे नाहीत.
भिंगं वेगवेगळ्या जागी असतात ना,
एकाला टाकी जरा जास्त दिसते,
एकाला पारकर किंचित वळलेला,
खालून कुणीतरी हाक मारल्यासारखा.

त्याने कात्री मागितली. तीन घेतले.
"बायको म्हणेल, टाकी कशाला काढलीस."
कान माझ्याकडे राहिला.

शुक्रवारी मी फ्रिज उघडला.
फिल्मच्या जागी बोंबलांची पिशवी, घट्ट गाठ,
गाठीत खोचलेली चिठ्ठी :
औषध लागलेलं नाही. खा.