घंटा: आहे / नाही

माझ्या केंद्रात चौदा शाळा,
तुलनेचा तक्ता एकच,
डिक्कीत, पंक्चरच्या सामानाखाली.

सावरगव्हाणला रंगीत भिंती, नळाला पाणी,
संगणकांवर शिवलेल्या खोळी.
पोरांनी टाळ्यासुद्धा तालात वाजवल्या.
मी 'अ' लिहिला. खोटा नाही लिहिला.

मग ओढ्यापलीकडं तांडा.
दोन खोल्या, एकीचे पत्रे उडालेले.
पटावर सतरा, हजर नऊ.
"बाकीचे?"
"हळद काढायलेत सर," दैवशालाबाई म्हणाल्या,
"चारला येतेत. मी थांबते."
चारचा रकाना नव्हता.

तिसरीतला मुंजा धडा वाचताना
'पुष्कळ'वर अडला, मागं सरला,
अन् लांबून पळत येऊन
नाली ओलांडावी तसा पलीकडं गेला.
सावरगव्हाणचा पोरगा कुठंच अडला नव्हता.
त्याचं बोट मात्र
दुसऱ्याच ओळीवर होतं.

साडेबाराला मुंजानंच
चिंचेला टांगलेल्या ट्रॅक्टरच्या डिस्कवर
पाना हाणला. तीनदा.
आवाज विरायच्या आत
ओढ्याच्या त्या अंगाला
शंभरेक पोरांचा कल्ला उठला.
मी बाईंकडं बघितलं.
"त्यांची बटनाची बेल हाय ना सर.
लाईट गेली की
ते आमच्यावर सुटतेत."

तक्त्यात बाविसावा मुद्दा:
घंटा, आहे / नाही.
दोन्ही शाळांपुढं
'आहे'ला गोल केला.

खाली श्रेणी टाकायची राहिली होती.
मुंजानं खिचडीचं ताट आणलं,
तक्त्यावरच ठेवलं.
मी पेन खिशाला लावला.