मुका ल

किर्कॉडी. स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर.
इंग्रजीत लिहिताना मधे एक ल येतो,
बोलताना त्याला कोणी विचारत नाही.
पहिल्या आठवड्यात बसवाल्यापुढे तो ल
मी तीनदा ठणकावून उच्चारला होता.
मग शहाणी झाले.

मंगळवार, संध्याकाळचे सात.
भाजीच्या वाफ्यांचं मंडळ, जो तो आपापल्या घरातून.
चिटणीस मी, कारण गेल्या वर्षी
हात वर करायला कोणी तयार नव्हतं
आणि माझा, कान खाजवायला, वर गेला होता.
विषय एक: पाण्याचा नळ.
विषय दोन: तोच नळ.

मिसेस ऑगिल्वींचे ओठ हलतायत.
"इझोबेल, तुम्ही म्यूट आहात," गॉर्डन म्हणतो.
म्यूट आहात, म्यूट आहात, म्हणतात बाकीच्या चौकटी
एकेक मागून, आरतीत ओळ चुकलेल्यांसारख्या.
पण त्या म्यूट नाहीत. चिन्हावर लाल रेघ नाही.
मी पाहिलंय.

घरच्या फोनवर फोन लावते.
बाहेर पडा, परत आत या. पडल्या. आल्या.
वायर नीट बसलीय? वायरच नाही गं.
लॅपटॉप बंद करून चालू करा.
तेवढ्यात त्यांनी चहाला पाणी ठेवलं.
माझ्या भाषेत मुका म्हणजे न बोलणारा
आणि गालावर घेतात तोही मुकाच.
हे इथे सांगायचं तरी कोणाला?

परत ओठ हलतायत, आणि आवाज...
नाही, थांबा. आवाज आहे.
सगळे गप्प बसा बघू.
टिक. टिक. टिक.
लाकडाच्या पोटातून यावी तशी,
आणि लांब, फार लांब, कोणी बाई
नळाबद्दल काही सांगतेय.

कोपऱ्यात बाण आहे, तो दाबा. काय लिहिलंय? वाचा.
कपाळावरचा चष्मा खाली ओढून त्या वाचतात:
"मायक्रोफोन. वॉल्टर्स हेडफोन्स."
मग फोनवर काहीच नाही.
लॅपटॉपवर टिक टिक.

वॉल्टर ऑगिल्वी. वाफा क्रमांक चौदा, लीक आणि घेवडा.
दोन हिवाळे झाले.
मला आवाजाचा त्रास नको म्हणून
फुटबॉल कानाला लावून ऐकायचा, त्या म्हणाल्या.
हॉलमधल्या ड्रॉवरमध्ये आहेत, त्याच्या घड्याळाशेजारी.
रविवारी चार्जिंगला लावते.
कुंडीला पाणी घालते म्हणावं, तशा म्हणाल्या.

म्हणजे गेल्या तीन बैठका
त्यांचं सगळं बोलणं आधी त्या ड्रॉवरात जात होतं,
आणि इतिवृत्तात लिहिलं होतं, मीच लिहिलं होतं:
मिसेस ऑगिल्वी, काही म्हणणं नाही.

यंत्र दोन पर्याय देतं.
दुसरा मायक्रोफोन निवडा.
हे उपकरण विसरा.
"खालचं दाबायचं नाही हं," मी म्हटलं, जरा जोरातच.
"मी कुठे दाबतेय," त्या म्हणाल्या.

आणि आवाज आला. एकदम, सगळाच्या सगळा:
किटली, खुर्ची, घशातली खरखर,
मागच्या गल्लीत भांडणारे सीगल.
गॉर्डनने दचकून स्पीकर लहान केला.
नळ गेलेला नाही, त्या म्हणाल्या, वॉशर गेलाय.
चाळीस पेन्सचा.
फेब्रुवारीपासून सांगतेय.

अळीमिळी गुपचिळी.
आठ चौकटींत आठ माणसं
आपापल्या चहाच्या कपात बघत बसली.
मग वॉशर कोणी आणायचा यावर वीस मिनिटं.

शनिवारी मीच आणला. पंचावन्न पेन्स पडले.
रात्री तिन्ही इतिवृत्तं उघडून बसले,
"काही म्हणणं नाही" खोडलं,
पण त्या जागी काय घालायचं ते सुचेना.
एप्रिलमध्ये नुसतं लिहिलं: बोलल्या.
उरलेल्या दोन अजून तशाच आहेत.